लिंबाजी डॉक्टरांची वही

आमच्या गावात गायीला खासगी आयुष्य नव्हतं. ती माजावर कधी आली, किती वेळ हंबरली, पहिल्या वेताला तिला किती त्रास झाला, हे सगळं चौकातल्या हॉटेलात चहाबरोबर मिळायचं. सांगणाऱ्यांत कीर्तनाला पहिल्या रांगेत बसणारे असायचे, ऐकणाऱ्यांत त्यांच्या सुना-लेकी पाणी भरायला निघालेल्या असायच्या, आणि कुणालाही काही वाटायचं नाही. ह्याच गावात एखाद्या बाईला दिवस गेले, तर 'तिचं जरा तसं आहे' एवढंच म्हणायची पद्धत होती. 'तसं' म्हणजे कसं, हे ज्यानं त्यानं लग्नानंतर शोधून काढायचं. मी स्वतः बराच उशिरा शोधलं, आणि तेसुद्धा विज्ञानाचा पदवीधर असून. पण माझं पुराण नंतर.

लिंबाजी डॉक्टर अशा गावात नोकरीला आले, आणि नोकरी ही, की दूध संस्थेच्या सभासदांच्या गायी भरवायच्या. वळूशिवाय. ते डॉक्टर नव्हते. कसलंसं ट्रेनिंग करून आलेले सेवक होते, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत. पण ज्याच्या लूनावर मागं टाकी बांधलेली आहे आणि टाकीचं झाकण उघडलं की आतून थंड पांढरी वाफ निघते, त्याला डॉक्टर म्हणायचं नाही तर कुणाला? पोरं मात्र मागून 'लूनावरचा वळू' म्हणून ओरडत. नाना (आम्ही शेजारी त्यांना नानाच म्हणायचो) गाडी थांबवून शांतपणे सांगत, "वळूला पगार नसतो बे. मला हाय. थोडा का हुईना, हाय."

उंच, हाडकुळा माणूस. खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. उजवा हात खांद्यापर्यंत गायीच्या पोटात घालायचा धंदा, म्हणून काम झालं की लाल साबणानं तीनदा हात धुवायचे, आणि धुताना मोठ्यानं मोजायचे. तरी गावानं त्या हाताला माफ केलं नव्हतं. घरोघरी त्यांना चहा मिळे, कप मिळत नसे. त्यावर त्यांनी उपाय शोधला होता: स्वतःचा स्टीलचा गिलास लूनाच्या हँडलला दोरीनं लटकवलेला. लांबून गिलास वाजला की बायका चहा टाकत. वरून ओततानाही गिलासाला भांडं लागणार नाही, अशी काळजी घेत.

दुसरी त्यांची वस्तू म्हणजे वही. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबोडकी. गावातल्या एकेका गायीला एकेक पान. मालक कोण, माजावर कधी आली, कधी भरवली, कधी विणार. आणि तोंडात कायम एकच वाक्य: "तारीख सांगा."

"सुंदराबाई, गाय कव्हा आली माजावर?"

"झाले की दोन-तीन दिस."

"दोन का तीन? तारीख सांगा."

"बाजाराच्या दिशी. भाकरी टाकायच्या टायमाला. लई वरडत हुती बघा."

"पयल्यांदा वरडली ती येळ सांगा. सकाळी आली असंल तर संध्याकाळी भरवायची असती. आता गेली ती संधी. पुढच्या खेपेला टिपून ठिवा."

हा संवाद रस्त्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा. मधे पारावर दहा माणसं. सुंदराबाईंचा पदर भुवयांपर्यंत आलेला, पण आवाज खणखणीत. ह्याच सुंदराबाई एकदा वर्षभर पोटदुखीनं वाकून चालत होत्या, तेव्हा कुठं दुखतंय हे त्यांनी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

नाना मला एकदा म्हणाले होते, "सर, ह्या गावातल्या परतेक गायीची तारीख माझ्याकडं हाय. पन एका बी पोरीला सोताची तारीख ठाव न्हाई."

मी इकडंतिकडं बघितलं आणि पावसाचा विषय काढला.

आता माझं पुराण. गावच्या हायस्कूलात मी गणित-विज्ञान शिकवायचो. नववीच्या पुस्तकात एक धडा होता, प्रजननाचा. माणसाची म्हणून त्यात फक्त दोन पानं. त्या दोन पानांना आमच्या शाळेत कुणी हात लावत नसे. हेडसरांनी तर एका जूनमध्ये पुस्तकं वाटायच्या आधी शिपायाला बसवून प्रत्येक पुस्तकातली ती पानं पिना मारून बंद करून घेतली. परिणाम असा, की त्या वर्षी झाडून सगळ्या पोरांनी पुस्तकातला तेवढा एक धडा वाचला. शिपायानं तर दोनदा वाचला. पण वाचून कळण्यासारखा तो लिहिलेलाच नव्हता.

माझी पद्धत जास्त सुसंस्कृत होती. मी फळ्यावर जास्वंदीचं फूल काढायचो. पुंकेसर, स्त्रीकेसर, परागकण, मधमाशी. रंगीत खडूनं. चाळीस मिनिटांतली अडतीस फुलात घालवायची, आणि शेवटी खडू ठेवता ठेवता म्हणायचं, "माणसातही साधारण असंच. बाकीचं घरी वाचून या." तेवढ्यात घंटा व्हायची. व्हायची म्हणजे काय, मी शिपायाला सांगून ठेवलेलं असायचं.

एका वर्षी घंटा उशिरा झाली. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरून सुंदराबाईंची कांता उठली. चौदा-पंधराची, किरकोळ अंगाची, पण प्रश्न विचारताना मान खाली न घालणारी पोरगी. तिनं अगदी मनापासून विचारलं, "सर, माणसाला मधमाशी लागती का?"

मी तिला बाकावर उभं केलं. आज पन्नाशी उलटल्यावर सांगायला हरकत नाही: त्या वर्गातला एकमेव शास्त्रीय प्रश्न तोच होता.

मग तो दुष्काळ आला. एक वर्ष पाऊस झाला नाही तेव्हा लोक आभाळाला बोलले. दुसऱ्या वर्षीही झाला नाही तेव्हा एकमेकांना बोलायला लागले. सिंदफणा नदीत वाळू तेवढी उरली, पुढं ट्रॅक्टरनं तीही गेली. दूध संस्थेचे चेअरमन आबा (तेच आमच्या शाळेचेही अध्यक्ष) यांच्या पडीक माळावर संस्थेनं चारा छावणी उघडली. पाचशे गुरं, पत्र्याची शेडं, आणि गुरांबरोबर राहायला आलेली अर्धीअधिक गावं. आमची माणसं जो ऊस सहा-सहा महिने परमुलखात जाऊन तोडत, तोच ऊस आता ट्रकात बसून त्यांच्या गायींना भेटायला आला होता. शाळेतली पोरंही छावणीतच, म्हणून मीही रोज दुपारी हजेरीचं रजिस्टर घेऊन तिथंच.

त्या छावणीतली एक दुपार. सुंदराबाईंचा नवरा बन्सी आपली कालवड घेऊन नानांकडं आला. चिमणी तिचं नाव.

"डॉक्टर, हिला भरवून टाका. यंदा गाभण ऱ्हायली तर आधार हुईल."

नानांनी चिमणीच्या छातीभोवती वजन काढायची फीत फिरवली, वहीत बघितलं. "एकशेऐंशी किलोची हाय. अडीचशे भरल्याबिगर मी हात लावनार न्हाई."

बन्सी समजूतदार माणूस. लगेच पटलं त्याला. चिमणीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "खरं हाय. कवळी हाय अजून. वासरू अडकलं तर दोनी जातेत." मग खिशातून सुपारी काढून नानांच्या हातावर ठेवली. "बरं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी आमच्या कांतीचं उरकून घ्यायलोय. टोळीची गाडी हलायच्या आत चार अक्षता टाकायच्या. या मंग."

बाहेरगावच्या वाचकासाठी सांगायला पाहिजे. ऊसतोडीचा मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता, त्याला टोळीत कुणी विचारत नाही. म्हणून दसऱ्याच्या सुमाराला आमच्याकडं अर्ध्या कोयत्यांना घाईनं दुसरा अर्धा जोडून देतात. दुसरा अर्धा बहुतेक वेळा आठवी-नववीत असतो.

नानांनी सुपारी मुठीत मिटली. शेजारी चाऱ्याचा वजनकाटा होता. कांता तिथंच डोक्यावरचा उसाच्या वाढ्यांचा भारा उतरवत होती.

"बन्सी," नाना म्हणाले, "पोरीला काट्यावर उभी कर."

"आं?"

"काट्यावर, काट्यावर. वजन बघू दे मला. कालवडीचं बघितलं, हिचं बी बघू. किती भरती बघू दे समद्यांला."

चाऱ्याच्या रांगेतले लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "टाका बे टाका, काट्यावर टाका!" नाना खूष झाले असावेत. आपण नेमकं बोट ठेवलं असं त्यांना वाटलं. मलाही वाटलं. मी रजिस्टरच्या आड मान डोलावली.

कांतानं हातातला भारा तिथंच सोडला.

"नाना, मी काय कालवड हाय का?"

"तसं न्हाई गं पोरी. तुझ्या बापाला समजावं म्हनून..."

"मंग बापाला समजवा की. मला कावून काट्यावर उभं करायलाव?"

हसणं थांबलं. नानांनी फीत गुंडाळून खिशात घातली. कांता भारा उचलून निघून गेली, आणि चिमणी तिच्या मागं मागं.

तीन दिवस नानांचा गिलास कुठं वाजला नाही. गायी माजावर येऊन गेल्या. चौथ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात उभे.

"सर, ती पोरगी खरं बोलली. मी सोताला लई धीट समजत हुतो. पन माझ्याकडं समदे शबुद गायीचेच हायत. गायीच्या आडून बोलत हुतो मी. मानसाचे शबुद तुमच्या पुस्तकात हायत म्हन. ते पुस्तक द्या."

मी पुस्तक दिलं. दोन पानं पिनांनी बंद. नानांनी पिशवीतून टाकीतल्या वळूच्या वीर्याच्या कांड्या काढायचा लांब चिमटा काढला आणि एकेक पीन अलगद उपसली. इतक्या काळजीनं, की मला उगाच हेडसरांची आठवण होऊन ओशाळल्यासारखं झालं.

आमची ही चहा घेऊन आली. कपबशीतून.

"वैनी, माझा गिलास हाय."

"असू द्या. आमच्याकडं कप आहेत."

नानांनी कप दोन्ही हातांनी उचलला. मग बशीत ओतून प्यायले आणि कप स्वतः धुऊन पालथा घातला. तीनदा. मोजून.

त्यानंतर आठवडाभर रोज सकाळी आमच्या ओसरीवर शिकवणी. नाना बोट ठेवून वाचायचे आणि मला विचारायचे. मी खोकायचो. उत्तर आतून, चुलीपाशी बसलेल्या हिच्याकडून यायचं, ठणठणीत आवाजात. लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. त्या आठवड्यात मला बायकोकडून बरीच नवीन माहिती मिळाली. जे तिलाही सांगता येईना, ते नाना आरोग्य केंद्रातल्या सिस्टरकडून विचारून, चिठ्ठीवर लिहून आणायचे.

आणि मग एका दुपारी दोनला, गुरं रवंथ करत बसल्यावर, पत्र्याच्या शेडखाली वर्ग भरला. एका अंगाला पोरं, एका अंगाला पोरी. पोरींच्या मागं आया बसल्या, पण पाठ करून. सूप पुढ्यात घेऊन, दाणे निवडत. नानांकडं पाठ असली की आपण ऐकत नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. एवढंच, की सुपांचा आवाज येत नव्हता. मी खांबाला टेकून हजेरी घेत होतो. एकच पान, तासभर.

नानांनी घसा साफ केला. "तर, गाय जव्हा माजावर येती..."

पोरींतून बोट वर. कांता. "नाना, मानसाचं सांगा."

नानांनी टोपी काढली, परत घातली. पुस्तक डोळ्यांसमोर धरलं.

"बाईच्या पोटात गर्भाशय असतं," ते म्हणाले. "आपल्याकडं त्याला पिशवी म्हंतेत."

पोरांत कुणीतरी फिसकलं.

"हस. हसून घे," नाना म्हणाले. "मी पन्नाशीचा हाय अन् भ्यावून सकाळपासून दोनदा तंबाखू खाल्लीय. तुझं हसून झालं की सांग, मंग म्होरं जातो."

ते पुढं गेले. पाळी म्हणजे काय, ती विटाळ कशी नाही, ती येते म्हणजे पोरगी आई व्हायला तयार झाली असं कसं नाही. पोरांना रात्री जे होतं आणि ज्याच्यापायी ती बुवाच्या पुड्या खातात, तो रोग कसा नाही. मूल कसं राहतं, नको असेल तर काय वापरायचं, ते कुठं फुकट मिळतं. कुठले आजार कशानं होतात. घरातल्या, टोळीतल्या कुणीही नको तिथं हात लावला तर कुणाकडं जायचं, आणि त्यात आपली चूक कशी नसते. माझ्या बी.एस्सी.त ह्यातलं फारसं काही नव्हतं. मधेच ते पोरांकडं वळले.

"अन् तुमी ध्यान द्या रे. गाय तयार हाय का, हे मी गायीला इचारत न्हाई. लक्षनं बघतो. तिला बोलता येत न्हाई. मानसाला तोंड दिलंय. त्याला इचारायचं असतंय. न्हाई म्हनली की न्हाई. गप ऱ्हायली तरी न्हाईच. लगीन झालंय म्हनून बी हो हुत न्हाई."

पाठ करून बसलेल्या आयांत जराशी हालचाल झाली. मग एक आवाज आला, वळून न बघता. सुंदराबाई.

"डॉक्टर, एक इचारू का? पिशवी काढली की तिच्यासंगं काय काय जातंय?"

सुंदराबाई सुपाकडंच बघत बोलत होत्या. "मी अठ्ठावीसची असताना शहरात काढली. उसाच्या फडात दुखायचं, काम बुडायचं, मुकादम वरडायचा. तिथला डॉक्टर म्हनला काढून टाका, कटकट गेली. म्या काढली. तवापासून कंबर धरती, आंगातून जाळ निघतो, रडाया येतंय उगीच. मला वाटलं माझंच काही चुकलं असंल. इचारावं कुणाला?"

नानांनी पुस्तकाची पानं पुढं उलटली, मागं उलटली. दोन पानं उलटायला किती वेळ लागणार?

"पुस्तकात एवढंच हाय, बाई," ते म्हणाले. "मला ठाव न्हाई. मी इचारून सांगतो."

आणि पुढच्या आठवड्यात ते सिस्टरला लूनावर मागं बसवून घेऊन आले. टाकी त्या दिवशी घरी ठेवली होती.

त्या दुपारनंतर छावणीतल्या घराघरांत एक बारीकसा बदल झाला, तो माझ्याशिवाय कुठल्याच पुरुषाच्या लक्षात आला नाही; आणि माझ्या लक्षात आला, कारण हिनं दाखवला. आमच्याकडं कॅलेंडरवर दुधाची खूण करतात. त्या खुणांशेजारी महिन्यातून चार-पाच दिवस बारीक टिंबं दिसायला लागली. पोरी आपापली तारीख टिपत होत्या. बन्सी तर एकदा संस्थेत भांडायला गेला, की घरच्या कॅलेंडरवर चार दिवस टिंबं आहेत, त्या दिवशी आमचं दूध का नाकारलं? सचिवानं वही तपासली. दूध घेतलेलं होतं. बन्सी चक्रावून परत आला.

लग्न मात्र दसऱ्यावर तसंच उभं होतं. बन्सीचं म्हणणं खोटं नव्हतं: "आमी दोघं सा म्हैने परमुलखात. पोरीला मागं कुनाच्या भरोशावर ठिवू?" इकडं चेअरमन आबांच्या कानावर वर्गाची बातमी गेली आणि त्यांनी निरोप पाठवला: संस्थेचा सेवक आहे, गायीपुरतं बोलावं.

तेवढ्यात संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा आली.

सहकारातली सभा ज्यांनी बघितली नाही, त्यांना 'मंजूर' ह्या शब्दाची ताकद कळणार नाही. सचिव एका दमात विषय वाचतो. तो श्वास घ्यायला थांबला, की सगळा मांडव ओरडतो, "मंजूर!" ऐकायची गरज नसते, वाचणं थांबल्याचं कळलं की झालं. त्या दिवशी चिवड्याची पाकिटं मांडवाच्या मागंच ठेवली होती, त्यामुळं लोक जास्तच तत्पर होते.

नानांनी स्वतःची एक गाय ठेवली होती, म्हणून ते सभासद होते. त्यांनी ऐनवेळच्या विषयांत एक कागद घातला होता, शेडच्या पत्र्यांचा विषय आणि खुराकाचा विषय ह्यांच्या मधोमध. सचिवानं वाचला: "संस्थेच्या शिक्षण निधीतून मदत घेणाऱ्या शाळेत, शरीराच्या वाढीचा व प्रजननाचा धडा, पिना न मारता, पूर्ण, मुलामुलींना दरवर्षी शिकवण्यात यावा." आणि श्वास घेतला.

"मंजूर!"

चेअरमन आबा दचकून जागे झाले. "काय मंजूर? कशाचा धडा?" मग सावरून, नियमाचा माणूस म्हणून त्यांनी विचारलं, "अनुमोदक कोण आहे? अनुमोदक नसेल तर विषय पडला."

पुरुषांच्या अंगाला सगळे चप्पल शोधायला लागले. मी सर्वांत जोरात शोधत होतो.

"मी हाय." मागून, बायकांतून. सुंदराबाई उभ्या राहिल्या. गायींचं सभासदत्व कुठल्याशा योजनेपायी बायकांच्या नावावर होतं, हे सगळे विसरले होते. पदर भुवयांपर्यंतच होता, पण आवाज रस्त्याच्या त्या टोकाला जाणारा, गायीच्या तारखा सांगतानाचा. "लिवून घ्या, सुंदराबाई बन्सी. अन् आजून एक लिवा. माझ्या कांतीचं दसऱ्याचं लगीन मी मोडलंय. ती अठराची हुईस्तवर शिकनार." आणि त्या श्वास घ्यायला थांबल्या.

"मंजूर!" मांडव ओरडला.

सगळ्यांत मोठा आवाज बन्सीचा होता. सवय. ओरडून झाल्यावर त्याला कळलं, आणि तो तसाच उभा राहिला, तोंड उघडं. शेजारच्यानं त्याला खाली ओढलं.

"हे संस्थेचे विषय नाहीत!" आबा म्हणाले.

"लिहून झालं, आबा," सचिव म्हणाला. तोही सवयीचाच माणूस.

बन्सी परत उठला. चिडलेला नव्हता; आवाज रडवेला होता. "समदे मंजूर म्हनतेत. पन मी पोरीला ठिवू कुठं, ते सांगा की एकानं!"

"आमच्या घरी," बायकांतून दुसरा आवाज आला. तो मी ओळखला. नऊ वर्षं ऐकत होतो. माझ्या घरात काय ठरलंय हे मला बहुतेक वेळा असं जाहीर सभेतच कळतं.

मी मान वळवून बघेपर्यंत मांडवानं तेही मंजूर केलं होतं.

बन्सी दोन दिवस चिमणीच्या दावणीशी बसून राहिला. तिसऱ्या दिवशी कांताची पेटी स्वतः डोक्यावर घेऊन आमच्या ओसरीवर ठेवून गेला. तो नवरदेव मुलगा चुलत्याबरोबर अर्धा कोयता म्हणून गेला आणि, ऐकलं ते खरं असेल तर, सुटला म्हणून त्यानंही हॉटेलात सगळ्यांना चहा पाजला. त्याचंही वय अजून हॉटेलातल्या चहाचंच होतं, लग्नाचं नव्हतं.

ठराव कागदावर होता, तो आबांना पुसता येईना. माणूस पुसता येत होता. 'कामाच्या सोयीसाठी' नानांची बदली घाटनांदूरच्या बाजूला झाली. जायच्या आदल्या दिवशी ते शाळेत आले आणि नववीच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसले. ठरावाप्रमाणं मला तो धडा शिकवायचा होता. माझा हात सवयीनं खडूकडं गेला आणि फळ्यावर जास्वंदीची पहिली पाकळी उमटली. मागून नाना नुसते खोकले. मी पाकळी पुसली. मग घाम पुसला. मग शिकवलं. चांगलं शिकवलं असं म्हणवत नाही. शब्द सगळे उच्चारले, एवढंच. दुसऱ्या बाकावर कांता होती, आता दहावीतली, मुद्दाम येऊन बसलेली. तिला ह्या खेपेला प्रश्न नव्हते. तिला माझ्याहून जास्त येत होतं.

दूध संस्था पुढं कधीतरी बंद पडली. सहकारात कशी काय बंद पडतात, तशीच. तो ठराव कुठल्या कपाटात आहे, कुणाला माहीत. हेडसर निवृत्त झाले, नवे आले. त्यांनी पिना मारल्या नाहीत, ते म्हणाले, 'घरी मोबाइलवर बघतातच, शिकवायचं कशाला?' मी जोवर होतो तोवर दरवर्षी शिकवत राहिलो. दरवर्षी घाम आला.

नानांना मी शेवटचं बघितलं ते एस.टी.त. घाटनांदूरला एका नातलगाच्या बारशाला निघालो होतो. गाडीतली कंडक्टर आमची कांता. सव्वीस वर्षांची, अंगावर खाकी, आणि पोट दिसण्याइतकं पुढं आलेलं. पुढच्या आठवड्यापासून रजा. नवरा तिनं स्वतः बघून, आमच्या ओसरीवर आणून, बन्सीला आणि सुंदराबाईंना दाखवून केलेला.

एका फाट्यावर एक उंच, वाकलेला म्हातारा चढला. खांद्यावरच्या पिशवीत काहीतरी वाजलं. स्टील. मी उठेपर्यंत कांतानं त्याच्या दंडाला धरून आपल्या सीटवर बसवलं होतं.

"नाना, वळखलं का?"

नानांनी डोळे बारीक केले. नजर गेली होती बरीचशी.

"मी कांता. तुमच्या काट्यावर चढले न्हवते ती."

नानांनी मान पुढं काढून तिचा चेहरा निरखला. मग नजर खाली आली, पोटापाशी थांबली, आणि त्यांचा चेहरा एकदम कामाचा झाला.

"तारीख सांग."

गाडी भरलेली होती. कांतानं सांगितली. शेवटची पाळी कधी आली ती तारीख, आणि सिस्टरनं दिलेली पुढची तारीख. सुट्टे पैसे मागायच्या आवाजात, सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशी. पुढच्या सीटवरचे दोन टोपीवाले खिडकीबाहेर बघायला लागले. मी बाहेर बघितलं नाही. एवढी माझी प्रगती.

नानांनी पिशवीतून वही काढली. तीच, लाल कापडी पुठ्ठ्याची, कडा झिजलेल्या. गायींचं पान उघडायला बोट गेलं आणि थांबलं. त्यांनी वही मिटली, उलटी केली, आणि मागच्या बाजूनं पहिलं कोरं पान काढलं.

"पेन दे," ते म्हणाले.

कांतानं कानावरचा पेन काढून दिला, घंटीची दोरी ओढली, आणि गाडी हलली. नाना धक्के खात, सावकाश, मोठ्या अक्षरांत तिचं नाव लिहीत होते.